सिनेमातले मास्तर : खडू कुणाच्या हातात?

सिनेमात मास्तर दोनच प्रकारचे असतात. एक छडीवाला, एक प्रेमळ. छडीवाला वाईट, प्रेमळ चांगला. मध्यंतरापर्यंत छडीवाला पोरांना बडवतो. मध्यंतरानंतर प्रेमळ येतो, गाणं म्हणतो, पोरं हसायला लागतात, बघणाऱ्यांचे डोळे भरतात. संपला सिनेमा.

दोस्तहो, हा हिशेब पांढरपेशा घरातल्या पोरांपुरता बरोबर असेल. त्या पोरांचं शाळेशी भांडण एवढंच, की मास्तर रागीट आहे. आपलं भांडण जुनं आहे आणि वेगळं आहे. छडीवाल्यानं मारलं त्याचे वळ निदान दिसले तरी. प्रेमळ मास्तरानं पाठीवरून हात फिरवत जे केलं त्याचे वळ दिसत नाहीत. म्हणून सिनेमातला मास्तर तपासायची आपली कसोटी आपणच तयार केली पाहिजे. दुसऱ्याच्या तराजूत आपला माल कायम कमीच भरतो.

मी सूतगिरणीत रिंग फ्रेमवर काम करतो. सिनेमाचं शास्त्र मला कुणी शिकवलेलं नाही. पाळी सुटल्यावर खोलीवर पडून जे बघितलं त्याच्यावरच बोलतोय. पण धागा कुठं तुटला ते बघणं आणि सांधणं हे माझं रोजचं काम आहे. या सिनेमांतला धागा कुठं तुटतो तेवढं मी नक्की सांगू शकतो.

आधी प्रेमळ मास्तरच घेऊ. २००७ सालचा 'तारे जमीन पर' सगळ्यांनी बघितलाय. इशान अवस्थी नावाचा पोरगा. त्याला अक्षरं ओळखू येत नाहीत, उलटीसुलटी होतात. बाप वैतागून त्याला वसतिगृहाच्या शाळेत टाकतो. तिथले मास्तर त्याला मठ्ठ ठरवून मोकळे होतात. मग चित्रकलेचे निकुंभ सर येतात. त्यांना लहानपणी हाच त्रास झालेला असतो. ते पोराच्या वह्या चाळतात, चुका कशा होतात ते ताडतात, त्याच्या घरी जाऊन आईबापाला समजावतात. शेवटी चित्रांच्या स्पर्धेत इशान पहिला येतो.

हा सिनेमा खोटा नाही. मास्तरानं चुकांवर नुसत्या लाल रेघा न मारता चुकांचं कारण शोधलं, हे चांगल्या मास्तराचं पहिलं लक्षण आहे आणि ते या सिनेमानं लाखो आईबापांना दाखवलं. हे मान्य करायला आपल्याला लाज वाटायचं कारण नाही. पण दोन ठिकाणी धागा तुटतो. एक, इशानच्या अडचणीत गुन्हेगार कुणीच नाही. अक्षरं नाचतात, यात कुणाची जमीन जात नाही, कुणाची खुर्ची हलत नाही. त्यामुळं एका मास्तराच्या चांगुलपणावर सगळं भागतं. दुसरं, बक्षीस. इशानला माणूस म्हणून मान्यता मिळायला पहिला नंबर यावा लागतो. त्याचं चित्र साधारण असतं तर? वर्गातलं साधारण पोरगं, जे कशातच पहिलं येत नाही, त्याला मास्तर मिळायचा हक्क आहे का नाही? आपल्या वस्तीतल्या पोराला हा हिशेब पाठ आहे. पहिला आला तर वस्तीचं भूषण, नाहीतर राखीव जागेवाला.

आता साता समुद्रापलीकडचा एक मास्तर बघू. १९६७ सालचा 'टू सर, विथ लव्ह'. लंडनच्या ईस्ट एंडमधली, गोदीकामगारांच्या भागातली शाळा. मास्तर आहे मार्क थॅकरे, ब्रिटिश गियानातून आलेला काळा माणूस. ते काम सिडनी पॉइटियेनं केलंय. शिकलेला इंजिनियर, पण त्या कामाची नोकरी मिळत नाही म्हणून मास्तरकी धरलेली. सिनेमा ई. आर. ब्रेथवेट यांच्या १९५९ सालच्या पुस्तकावरून काढला. ते स्वतः युद्धात इंग्रजांच्या विमानदलात होते, केंब्रिजला शिकले होते, तरी कातडीच्या रंगापायी त्यांना नोकरी नाकारली गेली. म्हणजे ही कल्पना नाही, भोगलेलं आहे. आपल्याकडं १९७४ साली विनोद खन्नाचा 'इम्तिहान' आला तो याच सिनेमावरून. पण वर्ग घेतला आणि वर्ण टाकून दिला. मास्तर देखणा, विद्यार्थी वांड, बस्स. मूळ सिनेमात ठिणगी होती ती जागा आपल्या हिंदीवाल्यांनी पहिल्यांदा पुसली.

ती ठिणगी अशी. वर्गातला सील्स नावाचा पोरगा मिश्र वंशाचा, त्याची गोरी आई मरते. वर्ग पैसे काढून फुलांचं चक्र आणतो. पण ते सील्सच्या घरी नेऊन द्यायला कुणी तयार नाही. काळ्याच्या घरी गेलं तर लोक काय म्हणतील! हीच पोरं एव्हाना थॅकरेला मान द्यायला लागलेली. मास्तर चालतो, मास्तराच्या रंगाचं घर चालत नाही. दोस्तहो, हे वाचताना कुणाला आपला गाव आठवणार नाही? आपला साहेब चालतो, आपल्या घरचं पाणी चालत नाही. अंत्ययात्रेच्या वेळी मात्र ती सगळी पोरं येऊन उभी असतात. सिनेमा तिथं थोडा गोड होतो, शेवटी मास्तर इंजिनियरच्या नोकरीचं पत्र फाडतो तेव्हा आणखी गोड होतो. पण फुलं घेऊन कुणी जायचं, हा प्रश्न त्यानं वर्गात आणला. शिष्टाचार शिकवणं सोपं, हा प्रश्न वर्गात आणणं अवघड.

आणि आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं तो सिनेमा. 'केस'. साल १९६९, दिग्दर्शक केन लोच. केस म्हणजे कोर्टातली केस नव्हे. ते एका पाखराचं नाव आहे, ससाण्याच्या जातीचं लहान शिकारी पाखरू. गाव बार्न्सली, इंग्लंडातला कोळसाखाणीचा मुलूख. बिली कॅस्पर हा चौदा-पंधरा वर्षांचा पोरगा, भाऊ खाणीत, बाप घर सोडून गेलेला. खेळाच्या तासाला बिलीकडं खेळाचे कपडे नाहीत. वाचनालयात पुस्तक मागितलं तर आधी घरच्यांची सही आण म्हणतात. मग तो जुन्या पुस्तकांच्या दुकानातून पाखरं शिकवायचं पुस्तक सरळ चोरतो. शाळेत मठ्ठ गणलेला हा पोरगा ते पुस्तक घोकून एकट्यानं एक पाखरू तयार करतो. ज्यानं सही नसल्यामुळं कधी दारातून परत यावं लागलंय, त्याला ही चोरी कळेल.

ज्या कादंबरीवरून हा सिनेमा निघाला ती बॅरी हाइन्सची, १९६८ सालची. हाइन्स स्वतः खाणीच्या मुलखातला आणि शाळेत खेळाचा मास्तर होता. सिनेमात खेळाच्या मास्तराचं काम केलं ब्रायन ग्लोव्हरनं, तोही पेशानं मास्तर. चांगल्या मास्तराचं काम करणारा कॉलिन वेलंडसुद्धा आधी मास्तरच होता. म्हणून यातले मास्तर नाटकातले वाटत नाहीत. माणसं आपल्याच धंद्याची साक्ष द्यायला उभी आहेत.

तीन मास्तर बघा.

पहिला खेळाचा, सग्डन. पोरांचा फुटबॉलचा सामना. हा स्वतःच एका बाजूचा कप्तान, स्वतःच पंच. बॉबी चार्लटन असल्याच्या थाटात मैदानात उतरतो. स्वतःला पेनल्टी देतो, चुकली की पुन्हा घेतो. पोरांच्या खेळात त्याला जिंकायचंय! आणि बिलीमुळं गोल झाला म्हणून सामना संपल्यावर त्याला गार पाण्याच्या फवाऱ्याखाली कोंडतो. बघताना हसू येतं आणि मग हसू घशात अडकतं. आपल्याकडं असे कमी आहेत का? संस्थाही त्यांची, परीक्षाही त्यांची, पंचही तेच.

दुसरा हेडमास्तर ग्राइस. सिगारेट ओढणाऱ्या पोरांना ऑफिसात रांगेत उभं केलंय. त्यात एक लहानगा, तो नुसता निरोप घेऊन आलेला. मोठ्या पोरांनी आपल्या सिगारेटी त्याच्याच खिशात कोंबल्या. तो बोलायला बघतो, ग्राइस बोलू देत नाही. आजची पोरं कुणाचं ऐकत नाहीत यावर हा लांबलचक भाषण झोडतो, आणि समोरचं एक पोरगं जे सांगू बघतंय तेवढंच ऐकत नाही. सगळ्यांच्या हातावर छडी, त्या लहानग्याच्याही. अख्ख्या व्यवस्थेचं चित्र दोन-चार मिनिटांत.

तिसरा फार्दिंग, इंग्रजीचा मास्तर. हा काय मोठं करतो? काहीच नाही. गाणं म्हणत नाही, रडत नाही, पोराला वाचवत नाही. धडा चाललाय खरं काय आणि कल्पित काय यावर. बिलीचं लक्ष नाही. मास्तर आधी त्याच्यावरही करवादतो. मग वर्गातून कुणीतरी म्हणतं, त्याला त्याच्या पाखराचं विचारा. फार्दिंग विचारतो. आणि गप्प बसतो. बिलीला पुढं बोलावतो. पोरगं अडखळत सुरू करतं आणि मग त्याची जीभ मोकळी होते. पाखराच्या पायात बांधायच्या चामडी वाद्या, दोरी, मूठ, मांसाचा तुकडा, पहिल्यांदा मोकळं सोडतानाची छातीतली धडधड. वाद्यांना त्या विद्येत एक खास शब्द आहे, तो मास्तराला ठाऊक नाही. तो बिलीला स्पेलिंग विचारतो. वर्ग चिडीचूप. बार्न्सलीच्या खाणकामगारांच्या अस्सल बोलीत एक नापास पोरगं शिकवतंय आणि मास्तर शिकतोय.

मग जेवणाच्या सुट्टीत फार्दिंग रानात जातो, पाखरू उडताना बघायला. बिलीच्या मुलखात तो पाहुणा म्हणून जातो. तिथं बिली जे सांगतो त्याचा मतलब असा, की हे पाखरू शिकवलेलं आहे पण माणसाळलेलं नाही, ते कुणाची पर्वा करत नाही. हे ध्यानात ठेवा, शेवटी लागणार आहे.

इथं मला सापडली ती कसोटी अशी. वाईट मास्तराला पोराकडं काहीच नाही असं वाटतं. गोड मास्तराला वाटतं, जे काय आहे ते मी देणार. चांगला मास्तर धरून चालतो, की या पोराला असं काहीतरी येतं जे मला येत नाही. आणि ते वर्गात आणण्यासाठी तो स्वतःची जागा थोडा वेळ सोडतो. खडू कुणाच्या हातात आहे एवढं बघा.

आता आपल्याकडं या. नागराज मंजुळेचा 'फँड्री', २०१३. जब्या कैकाड्याचा पोरगा. त्यालाही एक पाखरू हवंय, काळी चिमणी. 'केस'मधला बिली आणि फँड्रीतला जब्या शेजारी शेजारी ठेवा, भाऊ वाटतील. पण शाळा बघा. या शाळेत मारकुटा मास्तर मोठा नाही. उलट वर्गात चोखोबांचा अभंग शिकवला जातो. आत बघा, बाहेरचं काय भुलता, असा अर्थ मास्तर समजावून सांगतो. चोखोबा कोण, त्यांना देवळाच्या आत का येऊ दिलं नाही, हा प्रश्न वर्गात येत नाही, आणि वर्गात बसलेल्या जब्यालाही कुणी विचारत नाही, की तुझ्या घरी काय काम करतात, तुझ्या घरी कुठली भाषा बोलतात. अभंग आत आला. अभंगवाला बाहेरच.

फँड्री हा कैकाडी भाषेतला शब्द, अर्थ डुक्कर. बिलीचा शब्द वर्गात आला तो ज्ञान म्हणून आला, मास्तरानं त्याचं स्पेलिंग विचारलं. जब्याच्या घरचा शब्द शाळेच्या पोरांच्या तोंडात आला तो शिवी म्हणून आला. या दोन शब्दांमधे जे अंतर आहे तेच चांगल्या आणि वाईट मास्तरातलं अंतर. 'फँड्री'त एक फार्दिंग असता आणि त्यानं विचारलं असतं, जब्या, डुकराला तुमच्याकडं काय म्हणतात, ते धरायचं कसं, फास कसा टाकायचा, वारा कुठून आहे ते कसं बघायचं, तर? तर कदाचित शेवटचा दगड फेकावा लागला नसता. कदाचित. जातीची भिंत एका तासानं पडत नाही, पण निदान तो शब्द शिवी झाला नसता.

डुकरामागं धावताना शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं. जब्या जागच्या जागी ताठ उभा राहतो, मग घरचेही थांबतात, आणि डुक्कर निसटतं. म्हणजे शाळेनं शिकवलेलं पोरगं पाळतंय. शाळा त्याचं काय पाळते? मेलेलं डुक्कर खांद्यावर घेऊन ते घर शाळेच्या भिंतीवरून जातं. भिंतीवर बाबासाहेब आहेत, सावित्रीबाई आहेत. ज्या शाळेनं त्यांना भिंतीवर रंगवलं, तिनं त्यांना वर्गात घेतलं नाही.

फळ्यापुढं बोलावणं ही साधी गोष्ट नाही, हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक असणार? एल्फिन्स्टन हायस्कूलमधे मास्तरांनी भीमराव नावाच्या विद्यार्थ्याला फळ्यावर गणित सोडवायला बोलावलं, तेव्हा वर्गातली पोरं धावली ती फळ्यामागं ठेवलेले जेवणाचे डबे हलवायला. मास्तरानं बोलावलं होतं, बरं का. पण बोलावणं पुरलं नाही. डबे हलवणाऱ्यांना जागेवर बसवणं हाही मास्तराचाच तास असतो.

माझ्या शाळेत वेगळ्या तऱ्हेनं उभं करायचे. वर्षातून एकदा मास्तर हजेरीच्या वेळी सांगायचे, मागासवर्गीय शिष्यवृत्तीवाले उभे राहा. आम्ही सात-आठ जण उभे. मास्तर वाईट नव्हते, आवाजही चढवायचे नाहीत, फॉर्म भरायलासुद्धा मदत करायचे. पण बसलेल्या पोरांच्या नजरा त्या दिवशी जे शिकायच्या ते पुढं वर्षभर विसरायच्या नाहीत. बिलीला उभं केलं तेव्हा वर्गाला कळलं याला काय येतं. आम्हाला उभं केलं तेव्हा वर्गाला कळलं हे कोण आहेत.

आता कुणी म्हणेल, मास्तर आपला असला की झालं. २०१६ चा 'सैराट' आठवा. कॉलेजात नवे आलेले लोखंडे सर. आडनावावरून गावाला जे समजायचं ते समजतं. आर्चीचा भाऊ प्रिन्स, तालेवार पुढाऱ्याचा पोरगा, भर वर्गात त्यांच्या थोबाडीत मारतो. थप्पड मारणाऱ्याचं काही होत नाही. मार खाणाऱ्यानंच समजून घ्यायचं. आपला माणूस खुर्चीवर बसला, पण खुर्ची ज्यांच्या मालकीची ते तेच राहिले. 'केस'मधेही फार्दिंग पोराला वाचवू शकत नाही. भाऊ पाखरू मारून कचऱ्याच्या डब्यात टाकतो. आणि त्याच दिवशी नोकरी सुचवणारा अधिकारी बिलीपुढं खाणीचीच वाट ठेवतो. चांगला मास्तर एक तास देतो. उरलेला दिवस संघटनेनं जिंकायचा असतो. सिनेमावाले मास्तराला तारणहार करतात ते याच्यासाठी, की बघणाऱ्याला संघटनेची आठवण होऊ नये.

आणि मास्तर म्हटल्यावर या देशाचा सरकारी आदर्श कोण? सर्वोत्तम क्रीडा प्रशिक्षकांना १९८५ पासून पुरस्कार दिला जातो त्याला नाव आहे द्रोणाचार्याचं. अंगठा घेणाऱ्याच्या नावानं! आपला आदर्श वेगळा आहे. जोतिबांनी १८८२ साली हंटर आयोगापुढं मागणी केली, की गावातले शिक्षक शक्यतो शेतकरी-कष्टकरी वर्गातले असावेत, लोकांत मिसळणारे असावेत, वेळ आली तर नांगराला आणि सुताराच्या हत्याराला हात लावायला त्यांना कमीपणा वाटू नये. 'केस'च्या ८७ वर्षं आधी जोतिबांनी फार्दिंगला रानात पाठवलं होतं. पण २०२५ साली त्याच जोतिबा-सावित्रीबाईंवरचा 'फुले' हा हिंदी सिनेमा आला तेव्हा काय झालं? ११ एप्रिलला येणार होता. ब्राह्मण संघटनांनी आक्षेप घेतले, प्रदर्शन २५ एप्रिलवर गेलं, आणि महार, मांग, पेशवाई असे शब्द काढायला सेन्सॉर बोर्डानं सांगितलं. ज्यांच्यासाठी शाळा काढली त्यांचं नाव नको, शाळा कुणाच्या विरोधात काढावी लागली तेही नको. मग उरलं काय? पुन्हा एक प्रेमळ मास्तर.

दोस्तहो, हे सगळं सिनेमावाल्यांना शिव्या देण्यासाठी लिहिलं नाही. आज वस्तीवस्तीत आपली पोरंपोरी अभ्यासिका चालवतात, बुद्धविहारात संध्याकाळचे वर्ग घेतात. म्हणजे मास्तर आता आपण आहोत. आपल्यातले काही सग्डन झालेत, खेळही त्यांचा, पंचही तेच. काही ग्राइस झालेत, चळवळीवर तासभर भाषण, आणि निरोप घेऊन आलेल्या लहानग्याला बोलायची सोय नाही. म्हणून कसोटी आपल्यालाच आधी लावायची. वर्गात घंटाभर कोण बोललं? पोराच्या घरातला, कामातला, बोलीतला एक तरी शब्द फळ्यावर आला का? त्याला कोण हसलं, आणि हसणाऱ्याला आपण काय केलं?

पोरगी सफाई कामगाराची असेल तर गटारीत कुठला वायू साठतो आणि बाप उतरायच्या आधी काय बघतो, ते विज्ञानाच्या तासाला तिनं सांगावं. पोरगं वाजंत्र्याचं असेल तर हलगीच्या मात्रा त्यानं गणिताच्या तासाला मोजून दाखवाव्यात. हे कौतुक म्हणून नको, तो कामाचा धडा म्हणून व्हावा. आणि त्याच पोरांना प्रमाण भाषा आणि इंग्रजीही यायलाच पाहिजे, त्यात सूट नको. बिलीनं पुस्तक चोरलं ते उगाच नव्हे. पुस्तकाशिवाय पाखरू उडालं नसतं.

पाखरू शिकवलेलं होतं, माणसाळलेलं नव्हतं. आपल्या वर्गातून बाहेर पडणारं पोरगं तसंच पाहिजे. शिकलेलं, पण मालकाच्या मुठीवर मुकाट बसणारं नव्हे.

जमलं तर विहाराच्या भिंतीवर पडदा लावून 'केस' आणि 'फँड्री' एकाच रात्री लागोपाठ दाखवा. मग भाषण करू नका. मागच्या ओळीतल्या, कधीच न बोलणाऱ्या पोराला किंवा पोरीला पुढं बोलवा, खडू द्या, आणि खाली बसा.

जय भीम.